वर्गणी कुणी भरली? जेम्स अँडरसन यांच्या पुस्तकाचं परीक्षण

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या खेड्यापाड्यांत १९१३ ते १९३२ या काळात कृष्णवर्णीय मुलांसाठी ४,९७७ शाळा उभ्या राहिल्या. पंधरा राज्यं, ८८३ काउंट्या (म्हणजे आपल्या जिल्ह्यांसारखे विभाग) आणि साडेसहा लाखांहून जास्त मुलांची बसायची सोय. या शाळांना आजही ‘रोझेनवाल्ड शाळा’ म्हणतात, कारण शिकागोच्या सिअर्स, रोबक कंपनीचे ज्युलियस रोझेनवाल्ड यांनी त्यांना देणगी दिली. एकूण खर्च झाला २ कोटी ८४ लाख ८ हजार ५२० डॉलर. त्यात रोझेनवाल्ड यांचा वाटा १५.३६ टक्के. गावोगावच्या काळ्या लोकांनी, म्हणजे कुळांनी, वाटेकऱ्यांनी, शेतमजुरांनी, भरलेली वर्गणी १६.६४ टक्के. गोऱ्या शेजाऱ्यांची मदत ४.२७ टक्के. उरलेले ६३.७३ टक्के सरकारी तिजोरीतून आले, आणि त्या तिजोरीत काळ्यांचाही कर होताच.

म्हणजे ज्याचं नाव शाळेला लागलं त्याच्यापेक्षा ज्यांचं नाव कुठेच लागलं नाही त्यांनी जास्त पैसे दिले होते. जेम्स डी. अँडरसन यांचं ‘द एज्युकेशन ऑफ ब्लॅक्स इन द साउथ, १८६०-१९३५’ हे पुस्तक या एका हिशेबासाठीसुद्धा घ्यावं असं आहे. १९८८ साली ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या प्रकाशन संस्थेने काढलं. अँडरसन स्वतः अलाबामातल्या ग्रीन काउंटीतले. इलिनॉय विद्यापीठात त्यांनी शिक्षणाचा इतिहास शिकवला. अमेरिकन एज्युकेशनल रिसर्च असोसिएशनचा उत्कृष्ट ग्रंथाचा पुरस्कारही या पुस्तकाला मिळाला. पण पुरस्कारापेक्षा महत्त्वाची गोष्ट अशी की, पस्तीस-चाळीस वर्षांनंतरही या विषयावर लिहिणाऱ्याला अँडरसनना ओलांडून जाता येत नाही. मान्य करा किंवा भांडा, त्यांच्यापासूनच सुरुवात करावी लागते.

आधी वस्तूबद्दल. कागदी बांधणीची प्रत साडेतीनशेहून अधिक पानांची आहे. प्रस्तावना, सात प्रकरणं, एक उपसंहार, मागे भरगच्च टिपा आणि सूची. मधूनमधून छायाचित्रं आणि तक्ते. इंग्रजी सरळ आहे, वाक्यं लांब असली तरी गुंतागुंतीची नाहीत. तिसरं प्रकरण मात्र जड आहे. तिथे विचारसरणीच्या वर्चस्वाची चर्चा आहे आणि परिषदांची, मंडळांची, धनिकांची नावं एकामागून एक येतात. पुस्तक अर्धवट सोडणारे बहुतेक इथेच सोडतात.

म्हणून छापलेल्या क्रमाने वाचायचा हट्ट धरू नये. आधी पाचवं प्रकरण वाचावं, ते प्राथमिक शाळांबद्दल आहे. मग पहिलं, ज्यात गुलामगिरीतून नुकतेच सुटलेले लोक शाळा कशा काढतात ते येतं. त्यानंतर दुसरं, काळे शिक्षक घडवणाऱ्या हॅम्प्टन संस्थेबद्दलचं. एवढं झालं की तिसरं प्रकरण आपोआप उलगडतं, कारण भांडण कशावरून चाललंय ते तोवर कळलेलं असतं. चौथं आणि सहावं जोडीने वाचावं, सातवं शेवटी. पेन्सिल जवळ असू द्या. प्रत्येक तक्त्यावर ‘हा पैसा कुणाचा?’ एवढा एकच प्रश्न लिहीत गेलात तर अर्धं पुस्तक तिथेच हाती येतं.

मराठी वाचकाने काही शब्दांपासून सावध राहायला हवं. पहिला शब्द ‘औद्योगिक शिक्षण’. तो वाचला की आपल्या डोळ्यांसमोर आयटीआय येतं, म्हणजे फिटर, टर्नर, वायरमन. अँडरसन ज्याबद्दल बोलतात ते हे नव्हे. हॅम्प्टनमधल्या मुलांना कारागीर करून बाहेर पाठवायचं नव्हतं, तर कष्टाची सवय आणि त्या कष्टाबद्दलची आज्ञाधारक वृत्ती अंगी मुरलेले शिक्षक घडवायचे होते. दुसरा शब्द ‘नॉर्मल स्कूल’, म्हणजे अध्यापक शाळा. एकोणिसाव्या शतकातल्या पुण्या-मुंबईच्या शिक्षणाबद्दल वाचलेल्यांना तो परका वाटू नये. तिसरा शब्द ‘कॉमन स्कूल’, म्हणजे सर्वांसाठीची प्राथमिक शाळा. आणि चौथा तर सहाव्या प्रकरणाच्या शीर्षकातच आहे: ‘कास्ट’. दक्षिणेतल्या शहरांत काळ्यांसाठीच्या सरकारी माध्यमिक शाळांनी जात कशी पुन्हा पुन्हा घडवली, असा त्या शीर्षकाचा रोख आहे. इथे जात म्हणजे जन्माने ठरलेली आणि कायद्याने, मजुरीच्या बाजाराने टिकवलेली पायरी. रोटीबेटीचे नियम, पोटजाती, गावगाडा हे सगळं त्यात कोंबू नये, तरी तो शब्द उपरा आहे असंही समजू नये. तो वापर काटेकोर आहे.

पहिलं प्रकरण या पुस्तकातलं सगळ्यात श्रीमंत प्रकरण. यादवी युद्धानंतर उत्तरेच्या मिशनरी शिक्षिका दक्षिणेत आल्या आणि त्यांनी अडाणी मुक्त गुलामांना अक्षरओळख करून दिली, अशी गोष्ट तोवर सांगितली जात होती. अँडरसन ती उलटी करतात, आणि तीही सरकारी कागदांच्याच आधारे. फ्रीडमेन्स ब्यूरो या सरकारी खात्यात शाळांची पाहणी करणारे जॉन अल्व्हर्ड दक्षिणेत हिंडले, तेव्हा त्यांना जागोजागी असे वर्ग दिसले ज्यांच्याशी ब्यूरोचा किंवा मिशनऱ्यांचा काडीचाही संबंध नव्हता. नॉर्थ कॅरोलायनातल्या गोल्ड्सबरो गावात दोन तरुण, ज्यांनी थोड्याच दिवसांपूर्वी स्वतः शिकायला सुरुवात केली होती, दीडशे मुलांना शिकवत बसले होते. अल्व्हर्ड यांनी अशा शाळांना ‘नेटिव्ह स्कूल’ म्हटलं आणि दक्षिणेत त्या किमान पाचशे असाव्यात असा अंदाज दिला. सव्हाना शहरात तर डेव्हो नावाच्या शिक्षिकेची शाळा १८३३ पासून १८६५ पर्यंत चोरून चालली होती. गुलामांना लिहावाचायला शिकवणं गुन्हा होता त्या काळात!

त्याच सव्हानाचा प्रसंग नीट वाचण्यासारखा आहे. १८६४ च्या डिसेंबरात जनरल शर्मन यांचं सैन्य शहरात शिरलं. काही आठवड्यांतच काळ्या धर्मोपदेशकांनी शिक्षण संस्था स्थापन केली, वर्गणी गोळा केली आणि शाळा सुरू केल्या. त्यातली एक तर जिथे माणसं विकली जात त्याच इमारतीत भरली. शिक्षक काळे असतील आणि गोरे लागलेच तर मदतनीस म्हणून, असा त्यांचा आग्रह होता. मदतीला आलेल्या मिशनरी संस्थेला नेमकं हेच खुपलं. शाळा चालवायची होती तिलाही, पण सूत्रं स्वतःच्या हाती ठेवून. पैसा संपत आला तशी स्थानिक संस्था मागे पडली. मिशनऱ्यांना खलपुरुष न करता हा ताण दाखवणं हे अँडरसन यांचं कसब आहे. त्या शिक्षिका खरोखर कष्टाळू होत्या, धोका पत्करून आल्या होत्या. प्रश्न एवढाच होता की शाळा कुणाची.

जॉर्जियाचे आकडे घ्या. १८६६ च्या शरद ऋतूत तिथल्या १२३ दिवसाच्या आणि रात्रीच्या शाळांपैकी ९६ शाळांचा खर्च पूर्णपणे किंवा अंशतः मुक्त गुलामच करत होते, आणि ५७ इमारती त्यांच्या मालकीच्या होत्या. लुईझियानात लष्करी अधिकाऱ्यांनी काळ्यांच्या शाळांसाठीचा कर थांबवला, तेव्हा लोकांनी तो कर चालू ठेवा म्हणून अर्ज केले. एक अर्ज तीस फूट लांबीचा होता आणि दहा हजार लोकांच्या वतीने होता. सह्यांच्या जागी बहुतेकांनी नुसती खूण केलेली. निरक्षर माणसं आपल्यावर कर लावा असं सरकारला विनवताहेत! अर्ज-विनंत्यांच्या इतिहासात असं चित्र क्वचितच सापडेल.

रविवारच्या शाळांचा हिशेब इतिहासकारांच्या नजरेतून सहज सुटतो, कारण त्या चर्चमध्ये भरत आणि त्यांचे अहवाल कमी. त्या नुसत्या धर्मशिक्षणाच्या नव्हत्या, निळ्या पाठीच्या स्पेलिंगच्या पुस्तकातून तिथे अक्षरं शिकवली जात. १८६९ सालची अल्व्हर्ड यांची नोंद १,५१२ शाळा, ६,१४६ शिक्षक आणि १,०७,१०९ विद्यार्थी अशी आहे. दिवसभर शेतात राबणाऱ्या प्रौढांना शिकायला मिळायचं ते इथेच. निरक्षरतेचं प्रमाण १८६० मध्ये सुमारे ९५ टक्के होतं, ते १८८० मध्ये ७० आणि १९१० मध्ये ३० टक्क्यांवर आलं. त्यामागे या अशा शाळा आहेत. १८७० पर्यंत दक्षिणेच्या प्रत्येक राज्याच्या घटनेत सरकारी शाळांची तरतूद आली. ती आणणाऱ्यांत पुनर्रचनेच्या, म्हणजे युद्धानंतर दक्षिणेचा कारभार नव्याने घडवण्याच्या, काळात निवडून आलेले काळे प्रतिनिधी होते, आणि फायदा गरीब गोऱ्यांच्या मुलांनाही झाला.

इथे एक खरा मराठी धागा आहे. १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून मुक्त करण्याच्या कामी दाखवलेल्या औदार्याबद्दल. फुल्यांनी ती अर्पणपत्रिका लिहिली तेव्हा दक्षिणेत पुनर्रचना अजून चालू होती. १८७७ नंतर ती मोडली. अँडरसन यांच्या दुसऱ्या प्रकरणापासून पुढची कथा त्या मोडतोडीची आहे. फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिलं त्यात रयतेकडून कर घ्यायचा आणि तो वरच्या वर्गांच्या शिक्षणावर खर्च करायचा, ही तक्रार आहे. अँडरसन ज्याला ‘दुहेरी कर’ म्हणतात तो हाच प्रकार, फक्त एक पाऊल पुढे गेलेला: कर भरा, तो गोऱ्या मुलांच्या शाळेत जाऊ द्या, आणि मग स्वतःच्या शाळेसाठी पुन्हा खिशातून वर्गणी काढा.

दुसऱ्या प्रकरणात हॅम्प्टन येतं. १८६८ साली व्हर्जिनियात ही संस्था सॅम्युएल चॅपमन आर्मस्ट्राँग यांनी काढली. हवाईतल्या मिशनरी घरातला हा माणूस, वडील तिथल्या सार्वजनिक शिक्षणाचे प्रमुख. स्थानिक लोकांना ‘सुसंस्कृत’ कसं करायचं याची कल्पना तो तिथूनच घेऊन आला होता. हॅम्प्टन म्हणजे सुतारकाम-लोहारकामाची शाळा, असा समज इतका पक्का आहे की अँडरसन आधी तो आकड्यांनी मोडतात. पहिल्या वीस तुकड्यांतल्या ७२३ पदवीधरांपैकी सुमारे ८४ टक्के शिक्षक झाले. मग लाकूड कापणं, शेत नांगरणं, भांडी घासणं, कपडे धुणं हे सगळं कशासाठी होतं? पुढे गावोगाव जाऊन शिकवणाऱ्याने आधी स्वतः ती शिस्त अंगात मुरवावी म्हणून. १८७९ मध्ये सुरू झालेल्या रात्रशाळेचं वेळापत्रक पाहिलं की अंगावर काटा येतो: दिवसाचे दहा तास काम, आठवड्याचे सहा दिवस, वर्षाचे अकरा महिने, आणि रात्री थकल्यावर दोन तास अभ्यास. असं दोन वर्षं केलं की मग दिवसाच्या शाळेत प्रवेश.

या सगळ्याला राजकारणाची जोड होती. संस्थेच्या ‘सदर्न वर्कमन’ या मासिकातले लेख अँडरसन वर्षानुवर्षांचे काढून दाखवतात. काळ्यांनी सध्या राजकारणापासून दूर राहावं, मतदानाची घाई करू नये, दक्षिणेच्या शेतीला कष्टाळू मजूर हवेत आणि ते द्यावेत, असा त्यांचा सूर. बुकर टी. वॉशिंग्टन १८७२ मध्ये इथे शिकायला आले आणि १८८१ मध्ये अलाबामात टस्कीगी संस्था उभारायला गेले. आपल्याकडे वॉशिंग्टन यांचं नाव निघतं ते स्वावलंबनाचा आदर्श म्हणून, त्यामुळे हे प्रकरण अनेकांना टोचेल. टोचू द्यावं. ‘कमवा आणि शिका’ची परंपरा मनात ठेवून वाचणाऱ्याने इथे विशेष थांबायला हवं, कारण बाहेरून दोन्हीकडे मुलगा खोदतोय आणि शिकतोय हेच दिसतं. फरक आहे तो शिकून झाल्यावर त्याने काय व्हावं, याच्या उत्तरात. हॅम्प्टनला तो मुलगा मतदार झालेला, वकील झालेला, कुणापुढे न वाकणारा झालेला नको होता.

तिसऱ्या प्रकरणातलं एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे: १८९८ साली वेस्ट व्हर्जिनियातल्या केपॉन स्प्रिंग्ज इथे परिषदा सुरू झाल्या, १९०१ मध्ये सदर्न एज्युकेशन बोर्ड आणि १९०२ मध्ये रॉकफेलर यांच्या पैशावर जनरल एज्युकेशन बोर्ड आलं. उत्तरेचे उद्योगपती आणि रेल्वेचे मालक काळ्यांच्या शिक्षणाचं धोरण ठरवू लागले, आणि त्यांना हॅम्प्टनचं प्रारूप आवडलं. पोलाद उद्योगपती कार्नेगी यांनी १९०३ मध्ये टस्कीगीला सहा लाख डॉलर दिले. दुसरीकडे दक्षिणेचे जमीनदार काळ्यांना शिक्षणच नको म्हणत होते. डु बॉइस, ट्रॉटर हे काळे विचारवंत आणि त्यांच्या बाजूचे लोक म्हणत होते की, आम्हाला इतरांना मिळतं तेच शिक्षण हवं. एकीकडे नको म्हणणारे, दुसरीकडे वेगळं देऊ म्हणणारे, आणि तिसरीकडे सारखंच द्या म्हणणारे. ही ओढाताण समजली की नावांचा गुंता सुटतो.

आता पाचव्या प्रकरणाकडे पुन्हा. १९०० साली प्राथमिक शाळेच्या वयाच्या जवळजवळ दोन तृतीयांश काळ्या मुलांनी शाळा पाहिलेली नव्हती. त्यांना शिकायचं नव्हतं असं नाही, तर शाळेची इमारतच नव्हती. पहिली रोझेनवाल्ड शाळा १९१३ मध्ये अलाबामातल्या लोचापोका गावाजवळ पूर्ण झाली. खर्च सुमारे ९४२ डॉलर. रोझेनवाल्ड यांचे ३००, गोऱ्यांचे ३६०, आणि काळ्या गावकऱ्यांचे २८२ डॉलर पन्नास सेंट, त्यातला काही भाग अंगमेहनतीच्या रूपात. देणगीची अटच अशी होती की गावाने आधी आपला वाटा उभा करायचा, मगच निधी मिळणार. इमारत झाली की ती सरकारी मालकीची. म्हणजे जमीन, मजुरी आणि पैसा देऊन लोकांनी जी शाळा बांधली ती काउंटीच्या गोऱ्या शिक्षण मंडळाच्या नावावर जायची.

पैसा उभा कसा राहिला याचं वर्णन या पुस्तकातलं उत्तम लेखन आहे. शेतकरी कापसाचा एक तुकडा ‘रोझेनवाल्डचा पट्टा’ म्हणून बाजूला ठेवत, त्यावर मुलं आणि बायका कापूस वेचत, आणि तो विकून आलेले पैसे शाळेला. कोंबड्या, डुकरं, जेवणावळी, सगळं विकून झालं. एका सभेत एक म्हातारा, जन्माने गुलाम, जुनी कळकट पिशवी टेबलावर रिकामी करतो. आयुष्यभराची शिल्लक ३८ डॉलर. नातवंडांच्या मुलांना तरी संधी मिळावी म्हणून सगळं देतो. अँडरसन इथे एक शब्दही जास्तीचा खर्च करत नाहीत, पुढच्या वाक्यात पुन्हा तक्त्याकडे वळतात. तिथेच ते चांगले लेखक ठरतात.

ज्यांना हे आकडे स्वतः पडताळायचे आहेत त्यांच्यासाठी सोय आहे. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाने रोझेनवाल्ड निधीची मूळ कार्डं छायाचित्रांसह इंटरनेटवर शोधण्यासाठी खुली ठेवली आहेत. राज्य आणि काउंटी निवडली की शाळेचं कार्ड मिळतं: जमीन किती एकर, किती शिक्षकी इमारत, एकूण खर्च, आणि त्याची काळे, गोरे, सरकार आणि रोझेनवाल्ड अशी फोड. चूक होते ती दोन ठिकाणी. कार्डावरचं वर्ष हे निधीचं आर्थिक वर्ष असतं, शाळा उघडल्याचं नव्हे. आणि एकाच शाळेची नावं काळानुसार बदललेली असतात, त्यामुळे नावाने शोधण्यापेक्षा काउंटीने शोधणं बरं. पाच-सहा काउंट्यांची कार्डं जमा करून बेरीज केली की एक गोष्ट लगेच दिसते: सरासरी १६.६४ टक्के असली तरी गावागणिक फरक प्रचंड आहे.

चौथं प्रकरण काउंटी ट्रेनिंग स्कूलबद्दल, म्हणजे काळे शिक्षक तयार करण्यासाठीच्या काउंटीच्या शाळांबद्दल. १९११ पासून स्लेटर निधी या काळ्यांच्या शिक्षणासाठीच्या धर्मादाय निधीने या शाळांना मदत दिली. मालमत्ता सरकारी असावी, वर्षाचे आठ महिने शाळा भरावी, आठवीपर्यंत तरी शिकवावं आणि हाताच्या कामावर भर असावा, अशा अटी. लोकांनी अटी मान्य केल्या आणि हळूहळू त्याच शाळांना नेहमीच्या हायस्कुलांचं रूप दिलं. कागदावर एक आणि वर्गात दुसरं, ही युक्ती आपल्याकडच्या शिक्षकांना शिकवायला नको.

सहाव्या प्रकरणातला ऑगस्टाचा खटला जरूर वाचा. जॉर्जियातल्या ऑगस्टात वेअर हायस्कूल १८८० मध्ये निघालं. १८९७ मध्ये शिक्षण मंडळाने ते बंद केलं, कारण सांगितलं की इमारत प्राथमिकच्या मुलांना हवी आहे. गोऱ्या मुलींचं हायस्कूल मात्र चालूच राहिलं. काळे पालक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १८९९ मध्ये हरले. निकाल लिहिला न्यायमूर्ती हार्लन यांनी, ज्यांनी तीनच वर्षांपूर्वी काळ्या-गोऱ्यांसाठी ‘वेगळं पण समान’ या तत्त्वाच्या विरोधात एकट्याने मत दिलं होतं. ‘समान’ या शब्दाला किती किंमत होती ते या एका निकालातून दिसतं. आर्कान्सातल्या लिटल रॉकचं उदाहरणही तितकंच बोलकं आहे. काळ्यांसाठी औद्योगिक हायस्कूल बांधायची योजना होती, लोकांनी अडून बसून नेहमीचा अभ्यासक्रम असलेलं हायस्कूल मिळवलं, आणि ते १९२९ मध्ये कवी पॉल लॉरेन्स डनबार यांच्या नावाने उघडलं.

सातवं प्रकरण महाविद्यालयांचं. थॉमस जेसी जोन्स यांचा काळ्यांच्या शिक्षणावरचा १९१७ चा दोन खंडांचा अहवाल, फिस्कमधला १९२५ चा संप, हॅम्प्टनमधला १९२७ चा संप एवढं त्यातलं ध्यानात राहतं. बाकीचं संस्थांच्या निधीचं तपशीलवार वर्णन आहे, ते संशोधकांसाठी.

आता खटकणाऱ्या गोष्टी. पहिली आणि मोठी: वर्गात काय घडायचं ते या पुस्तकात फारसं दिसत नाही. फळ्यावर काय लिहिलं जायचं, शिक्षिका पाठ्यपुस्तकातल्या अपमानाचं काय करायच्या, हे हवं असेल तर पुढच्या पिढीकडे जावं लागतं. व्हेनेसा सिडल वॉकर यांनी नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅसवेल काउंटीच्या एका शाळेचा अभ्यास १९९६ मध्ये प्रसिद्ध केला, जार्व्हिस गिव्हन्स यांनी २०२१ मध्ये इतिहासकार कार्टर वुडसन आणि काळ्या शिक्षकांच्या गुप्त अध्यापनकलेवर लिहिलं. अँडरसन बाहेरून इमारत आणि हिशेब दाखवतात, हे दोघे दार उघडून आत नेतात. दुसरी: खेड्यांतल्या शाळांचा बराच भार बायकांनी वाहिला, पण खेड्यांतल्या काळ्यांच्या शाळांसाठीच्या जीन्स निधीच्या फिरत्या शिक्षिका इथे चटकन येऊन जातात. व्हर्जिनियातल्या हेनरायको काउंटीत १९०८ मध्ये पहिली जीन्स शिक्षिका झालेल्या व्हर्जिनिया रँडॉल्फ यांच्यासारख्या बाईला अधिक जागा हवी होती.

तिसरी तक्रार वॉशिंग्टन यांच्याबद्दल. मांडणी धारदार ठेवण्याच्या नादात त्यांचं चित्र सपाट झालंय. हाच माणूस मतदानाच्या हक्काच्या खटल्यांना गुपचूप पैसा पुरवत होता, हे इतर इतिहासकारांनी कागदपत्रांनिशी दाखवलं आहे. चौथी: रोझेनवाल्ड शाळांचा परिणाम अँडरसन कमी लेखतात असं आता म्हणता येतं. ॲरनसन आणि मजुमदार या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये जनगणनेचे आकडे वापरून दाखवलं की, या शाळा जवळ असलेल्या ग्रामीण काळ्या मुलांची शाळेची वर्षं वाढली आणि गोऱ्या-काळ्यांमधलं अंतर कमी होण्यात त्यांचा लक्षणीय वाटा होता. म्हणून अँडरसन यांचा हिशेब चुकीचा ठरत नाही. पैसा कुणी दिला आणि उपयोग किती झाला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पुस्तक पहिल्याचं उत्तर चोख देतं.

पुस्तक १९३५ ला थांबतं. पुढे येणाऱ्या काळ्यांच्या नागरी हक्कांच्या लढ्याची मुळं ज्यांना शोधायची आहेत त्यांना हे थांबणं अर्ध्यावर उठवल्यासारखं वाटेल, पण धागा तुटत नाही. सेप्टिमा क्लार्क यांनी १९१६ मध्ये साउथ कॅरोलायनातल्या जॉन्स बेटावर याच दुय्यम व्यवस्थेत शिक्षिका म्हणून सुरुवात केली. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेचं सदस्यत्व सोडायला नकार दिला म्हणून १९५६ मध्ये त्यांची नोकरी गेली. जानेवारी १९५७ मध्ये त्याच बेटावर इसॉ जेंकिन्स आणि क्लार्क यांच्या प्रयत्नाने पहिली ‘नागरिकत्व शाळा’ उघडली, शिकवायला बर्निस रॉबिन्सन. वर्गात मोठी माणसं होती, आणि शिकायचं होतं ते मतदार नोंदणीचा अर्ज वाचायला, सही करायला, पोस्टातून वस्तू मागवायचा फॉर्म भरायला. गोल्ड्सबरोचे ते दोन तरुण आणि रॉबिन्सन यांच्यात नव्वद वर्षांचं अंतर आहे, पद्धत एकच: गावातल्याने गावातल्याला शिकवायचं. मिसिसिपीत डिसेंबर १९६३ मध्ये चार्ल्स कॉब यांनी उन्हाळी ‘फ्रीडम स्कूल’ची कल्पना मांडली आणि १९६४ च्या उन्हाळ्यात चाळीसहून अधिक शाळांत दोन हजारांवर मुलं बसली, बरीचशी चर्चच्या तळघरांत नाहीतर झाडाखाली. त्यांच्या अभ्यासक्रमात मुलांनी स्वतःच्या शाळेबद्दल प्रश्न विचारायचे होते. त्या प्रश्नांची मागची बाजू अँडरसन यांच्या पानांत आहे.

घ्यावं कुणी? शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी, संस्था चालवणाऱ्यांनी आणि फुले-आंबेडकरी विचारांचा अभ्यास करणाऱ्यांनी डोळे झाकून. गोष्टीसारखं वाचायचं असेल तर ग्रंथालयातून आणून पहिलं आणि पाचवं प्रकरण वाचलं तरी चालेल. ई-आवृत्तीही मिळते, पण छोट्या पडद्यावर मोठे तक्ते तुटतात, म्हणून ती मोबाइलवर वाचू नये. शिकवणाऱ्यांनी पाचव्या प्रकरणातला रोझेनवाल्ड खर्चाचा तक्ता वर्गात आधी टक्केवारी झाकून द्यावा आणि मुलांकडून अंदाज घ्यावा की सगळ्यात मोठी देणगी कुणाची असेल.